लाईनमनच्या शेजारची खुर्ची

वीज कंपनीच्या लाईनमनकडे लोक फार करून दोनदाच बघतात. लाईट गेली की रागाने, आणि तो खांबावर लटकलेला दिसला की गंमत म्हणून. मधल्या वेळात त्याचं काय चाललंय, तो कुठे जेवतो, कोणाबरोबर राहतो, याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. माझ्या दृष्टीने ही नोकरीची फार मोठी सोय होती.

संपादकांनी ‘तळोद्याच्या लाईनवरचे अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो, आणि घरी येऊन अडकलो. कुठलाही अनुभव सांगायला घेतला की त्यात जयसिंग येतो. त्याला वगळून लिहून पाहिलं. खांब उरले, तारा उरल्या, सांगण्यासारखं काही उरलं नाही. शेवटी त्यालाच विचारलं. तो ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

“तुझं नाव घालू का?”

“घाल की,” तो म्हणाला. “आता जीपच विकलीय, तिच्यात बसायला नाही म्हणणारं कोण उरलंय?”

तर सरळच सांगतो. मी समलिंगी आहे. हा शब्द मी पहिल्यांदा पेपरात वाचला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. त्याआधी मला माझ्याबद्दल जे शब्द माहीत होते ते सगळे शिव्यांमध्ये मोडणारे होते. जयसिंग पावरा धडगावकडच्या डोंगरातला, तळोदा ते धडगाव जीप चालवायचा. आम्ही दोघं माझ्या तळोद्याच्या घरात राहतो. केस दोघांचेही पांढरे झालेत, त्याचे जरा कमी.

आता आमच्या कामाबद्दल थोडं. बाहेरच्या माणसाला वाटतं, लाईनमनला विजेची भीती नसते. भीती असते, आणि ती असलेलीच बरी. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला सांगून लाईन बंद करून घ्यायची, वाटेतला स्विच खाली ओढायचा, तारांना साखळी टाकून त्या जमिनीशी जोडायच्या, मग चढायचं. हे सगळं केलं तरी एक गोष्ट उरते. तुम्ही वर असताना कोणी तो स्विच परत वर ढकलून लाईन चालू करू नये. म्हणून स्विचपाशी माणूस बसवतात. वर चढलेल्याचा जीव त्या बसलेल्या माणसाच्या हातात असतो. तो तंबाखू मळायला लांब गेला, कोणाशी गप्पा मारत बसला, तरी वरच्याला कळत नाही.

जयसिंगची आणि माझी ओळख अशीच झाली. वैशाखातलं वादळ होऊन गेलं होतं. धडगावच्या घाटात सागाचं झाड तारांवर पडलं होतं आणि वरच्या गावांमध्ये लाईट नव्हती. माझा कामावरचा जोडीदार भिका तापाने पडलेला. सामान घेऊन मी एका जीपमध्ये बसलो, तिचा ड्रायव्हर जयसिंग. माणूस बोलायला कंजूस. घाट संपेपर्यंत त्याने एकच प्रश्न विचारला, “एकटेच?” मी म्हटलं, हो, आणि स्विचपाशी बसवायला माणूस शोधायचाय. त्याने जीप बाजूला लावली आणि म्हणाला, “मी बसतो.”

मी समजावून सांगितलं. कोणी काहीही म्हणो, स्विचच्या या दांडीला हात लावू द्यायचा नाही. त्याने मान हलवली. त्याचे प्रवासी चिडून दुसऱ्या जीपने गेले. मी झाड तोडून, तार ओढून, जोडून खाली आलो तेव्हा ऊन कललं होतं. हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी दांडी धरून तसाच बसलेला.

“कोणी आलं होतं का?”

“आले होते. पिठाच्या गिरणीवाला, आणखी दोघं.”

“मग?”

“गेले.”

पुढे कळलं, गिरणीवाल्याने बरीच दादागिरी केली होती. जयसिंगने एवढंच सांगितलं होतं की वर माणूस आहे.

त्यानंतर घाटात काम निघालं की मी त्याचीच जीप बघायचो, आणि त्यालाही माझी वाट बघायची सवय लागली. त्याचं लग्न लहानपणीच झालं होतं. बायकोचं मन दुसरीकडे होतं, ती गेली, पंचांनी बसून मिटवलं आणि कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत. “ती चांगली होती,” तो म्हणायचा, “मीच तिचा नव्हतो.” हे वाक्य त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला पुढचं सगळं समजलं. काही महिन्यांनी जीप लावायला तळोद्यात जागा हवी म्हणून तो माझ्याकडे राहायला आला. लोकांना आम्ही हेच कारण सांगितलं आणि लोकांना ते पुरलं.

म्हणजे मला वाटत होतं की पुरलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सोनाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या राहायच्या. एकट्या, विधवा, जिभेने तिखट. त्यांच्या घरची लाईट दर आठवड्याला जायची. जाऊन बघावं तर फ्यूजची तार सैल झालेली. फ्यूज आपोआप इतक्या वेळा सैल होत नाही, कोणीतरी तो काढून परत बसवतं, हे मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. पण त्यांना बोलायला माणूस हवा होता आणि मला त्यांचा चहा आवडायचा. त्या माझ्यासाठी मुलगी बघायच्या.

“लाईनमन भाऊ, तुमनाकरता पोरगी देखेल शे. शिवणकाम येस तिले.”

मी माझं ठरलेलं उत्तर द्यायचो, “सोनाबाई, लाईनमनले पोरगी कोण देई? आज शे, सकाय नही.”

“मंग तं आजच करी ल्या लगीन!”

असं दोन वर्षं चाललं. मग जयसिंगला टायफॉईड झाला. मी रजा टाकून घरी होतो. सोनाबाई लाईट गेल्याचं सांगायला स्वतः आल्या आणि दारातच थांबल्या. आत मी जयसिंगचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पेज भरवत होतो. मला उठताही येईना. त्या तशाच परत गेल्या. मी दिवसभर धास्तावून बसलो होतो, आता गल्लीत काय उठणार म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या दोन वाट्या घेऊन आल्या. दोन्हीत तांदळाची खीर.

“एक तुले, एक त्याले. त्यानीमा गोड कमी टाकेल शे, तापना माणूस शे.”

पोरगीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फ्यूज मात्र शेवटपर्यंत जात राहिला.

आता माझ्या अपघाताबद्दल सांगतो. बंद लाईनवर लाईनमन मरतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. शहादा रस्त्यावरच्या एका गावात लाईन बंद करून, पण घाईत साखळी न टाकताच मी खांबावर चढलो होतो. गावात लग्न होतं. मांडववाल्यांनी जनरेटर चालू केला आणि त्याची वायर घरातल्याच बोर्डाला जोडली. वीज उलटी फिरून बंद तारेत आली. माझ्या उजव्या तळहातातून शिरली, मला फेकून दिलं, आणि मी कमरेच्या पट्ट्यावर उलटा लोंबकळलो. भिकाने शिडी लावून मला उतरवलं. दंड मोडला होता, हात भाजला होता, पण जीव राहिला.

नंदुरबारच्या दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा जयसिंग उशाशी होता. नर्सबाईंनी त्याला विचारलं, “तुम्ही कोण यांचे?” मी डोळे मिटूनच ऐकत होतो. मला वाटलं, भाऊ म्हणेल. दोघांची आडनावं, दोघांचे चेहरे, सगळंच वेगळं, तरीही म्हणेल. तो म्हणाला, “मी यांच्यासोबत राहतो.” नर्सबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मग औषधं कधी द्यायची ते नीट ऐकून घ्या.”

माझी मोठी बहीण, शकूताई, तिच्या सासरच्या गावाहून धावत आली. आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणा, सासर म्हणा, तीच. ती आठवडाभर दवाखान्यात राहिली. जयसिंग माझी दाढी करायचा, पट्टी बदलताना हात धरून ठेवायचा, ती बघत बसायची. जाताना तिने मला काही विचारलं नाही. जयसिंगला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, “त्याले कारलं आवडत नही, पन खावाडत जा. रक्तले चांगलं ऱ्हास.” तेव्हापासून आमच्याकडे दर आठवड्याला कारल्याची भाजी असते. मला अजूनही आवडत नाही.

हात बरा झाला. मी पुन्हा खांबावर चढलो. दिवस भराभर गेले.

एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. दोन पुरुषांचं असं राहणं आता गुन्हा नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्या दुपारी आम्ही सबस्टेशनमध्ये डबे उघडून बसलो होतो. तोवर मी लोकांच्या घरी उजेड नेणारा नोकर आणि कायद्याने गुन्हेगार, असा दोन्ही होतो. एकाने मोबाईलवर बातमी वाचली आणि मोठ्याने हसला, “आते गडी गडीसंगे लगीन करतीन!”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. भिका भाकरी मोडता मोडता म्हणाला, “करू दे. तुले जेवाले बलावतीन तं जाय, नही तं घर ऱ्हाय.”

सगळे हसले, मीही हसलो. मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि मागच्या आवारात, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. त्याची घरघर चालू होती. तिथे उभं राहून माणूस थोडा रडला तरी आत ऐकू जात नाही.

पन्नाशीनंतर खांब उंच व्हायला लागतात. गुडघे कुरकुरतात, चष्मा घामाने घसरतो. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. भीती वेगळ्याच गोष्टीची होती. नोकरी होती तोवर तळोद्यात राहायला मला कारण होतं. ड्युटी आहे, फोन येतो, लाईन सोडून जाता येत नाही. दिवाळीला, लग्नाकार्याला बहिणीकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी ‘ड्युटी’ म्हणून परत यायचं. निवृत्तीनंतर काय सांगणार होतो?

आणि समोर कोणी वाईट माणूस असता तर भांडलो असतो. पण भाचा प्रवीण जीव लावणारा. दर फोनला म्हणायचा, “मामा, रिटायर झाले की इथे या. वरची खोली तुमच्यासाठीच बांधलीय. संडास-बाथरूम आतच आहे, पायऱ्यांना कठडा केलाय. म्हातारपणी एकटं कशाला राहायचं?”

एकटं. हा शब्द आला की मी फोनवर विषय बदलायचो. शेजारी जयसिंग बसलेला असायचा. त्याला सगळं ऐकू जायचं. एकदा फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “जायचं असेल तर जा. तुझी माणसं आहेत. मी डोंगरात जातो, भावाचं शेत आहे.” मी म्हटलं, “तुला डोंगरात जायचंय का?” तो म्हणाला, “नाही.” मी म्हटलं, “मग असलं बोलू नकोस.” पण उपाय माझ्याकडेही नव्हता. त्या वर्षी आम्ही दोघं विनाकारण एकमेकांवर चिडायचो.

निवृत्तीचा महिना आला. आमच्या कार्यालयात सत्काराची एक रीत आहे. पुढे टेबल, टेबलामागे खुर्च्या. निवृत्त होणारा माणूस आणि शेजारी त्याची बायको. त्याला शाल-नारळ, तिला साडी. मग सगळे भाषणात सांगतात की वहिनींच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं. इतरांच्या अशा कार्यक्रमांत मी कित्येकदा टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या ज्युनिअर इंजिनिअर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, “काका, घरून कोण कोण येणार?” मी म्हटलं, “कोणी नाही मॅडम. भाषणं नकोत, चहा घेऊ आणि निघू.”

मॅडम हो म्हणाल्या. पण भिकाने परस्पर शकूताईला फोन केला होता. जयसिंगलाही त्यानेच दम देऊन आणलं होतं. त्या दिवशी मी हॉलमध्ये शिरलो तर पहिल्या रांगेत ताई आणि प्रवीण, आणि सगळ्यात मागे, दाराशी, इस्त्रीच्या शर्टात जयसिंग उभा. ताई मला न्यायला आली असणार, सामान घेऊनच जाणार, आणि तेही सगळ्यांसमोर.

मला टेबलामागे बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मॅडम माईकवर म्हणाल्या, “काकांच्या मोठ्या भगिनी आल्या आहेत. ताई, तुम्ही या, काकांच्या शेजारी बसा.”

ताई उठली. सत्तरीची बाई, पदर सावरत हळूहळू पुढे आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच थांबली. मग मागे वळून दाराकडे बघत म्हणाली, “जयसिंगदादा, आठे या.”

हॉलमधल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. जयसिंग जागचा हलेना.

“या ना. मन्ही जागा नही ही. रोज त्याना शेजारे कोण जेवस? तुमीच ना? मंग बठा आठे.”

कोणी हसेल, कोणी खोकेल, या धास्तीने मी टेबलाकडे बघत होतो. भिकाने टाळी वाजवली. एकट्याचीच टाळी, मोठी. मग दुसरी ऐकू आली, मग आणखी. जयसिंग मधल्या वाटेने आला, ताईच्या पाया पडला आणि माझ्या शेजारी बसला. खुर्चीच्या अगदी कडेला, जीपच्या फूटबोर्डवर बसावं तसा. मॅडमनी दोन शाली मागवल्या. एकच आणली होती, म्हणून दुसरी साहेबांच्या कपाटातून काढली, कुठल्या तरी जुन्या समारंभातली. साडी ताईला दिली. भिकाने भाषण केलं. बऱ्याच गोष्टी फुगवून सांगितल्या आणि शेवटी म्हणाला, “लाईनमननं घर सांभाळनारं कोणी असनं तं लाईनमन टिकस. जयसिंगदादानी आमना रघुभाऊ टिकाडा.”

एवढंच. कोणी मोठा शब्द वापरला नाही. काही जणांना काही कळलंही नसेल. एकदोन चेहरे चहाच्या वेळी लांब राहिले, तेही मी पाहिलं. पण छातीवर कित्येक वर्षं ठेवलेली सिमेंटची पोती कोणीतरी एकेक करून उतरवावीत तसं मला झालं होतं.

संध्याकाळी घरी चौघं जेवलो. वरच्या खोलीचं काय, हा प्रश्न प्रवीणच्या तोंडावर दिसत होता. ताईनेच तो निकालात काढला.

“मी तुले लेवाले नही वनू, रघू. याले मी सांगी दिन्हं, मामानं घर तळोदामाच शे.”

मी विचारलं, “ताई, तुले कव्हयपासून माहीत व्हतं?”

“दवाखानामा. तू झोपेल व्हता, तो तुन्हा हातले फुका मारी ऱ्हायंता. मन्हा मनमा वनं, बरं झायं, रघूले कोणीतरी शे.”

“मंग इतला वरीस बोलनी काबर नही?”

“तू कोठे बोलना?” ती म्हणाली आणि जयसिंगला आणखी भाकरी वाढायला लागली.

निघताना प्रवीण जयसिंगला म्हणाला, “तुम्हीही येत जा दोघं. खोली आहेच.” तो हे मनापासून म्हणाला. आम्ही जातो. पायऱ्यांच्या कठड्याचा उपयोग होतो.

आता नोकरी संपून बराच काळ झाला. ताई गेल्या हिवाळ्यात गेली, झोपेतच. तिच्या दिवसांना आम्ही दोघं तिथे होतो आणि कोणी कोणाला ‘हे कोण’ असं विचारलं नाही. जयसिंगने जीप विकली. तो दुपारी झोपतो, टीव्ही मोठ्याने लावतो, माझ्या गोळ्या त्याच्या लक्षात राहतात आणि त्याच्या माझ्या. आधी कोण जाणार यावर आम्ही भांडतो. मला तो मागे राहायला नको आहे आणि त्याला मी. हे भांडण मिटणारं नाही, पण आता ते उघड्या दाराने करता येतं.

एका गोष्टीची हळहळ आहे. तरुणपणी आम्ही तळोद्याच्या बाजारातून कधी जोडीने चाललो नाही. तो पुढे गेला की मी मागून जायचो. भाजी त्याने घ्यायची, किराणा मी. अंगात ताकद होती, पाय चालत होते, रस्ताही हाच होता.

मध्यंतरी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हिरवा चष्मा दिला आणि गर्दीत एकट्याने फिरायचं नाही म्हणून बजावलं. जयसिंगने भर बाजाराच्या दिवशी माझा हात धरला आणि मला रस्त्याच्या मधोमध घेऊन चालला. मी आधी बावरलो. पण लोक बाजूला होत होते. सायकलवाले थांबत होते. केळीवाली म्हणाली, “बाबा, हयू चाला, पुढे गटार शे.” दोन म्हाताऱ्यांच्या हातात हात बघून कोणाच्याच मनात काही आलं नाही. आलं असेल तर मायाच आली. मला हसूही येत होतं आणि चष्म्याच्या आत पाणीही. त्या दिवशी आम्ही गरज नसताना पूर्ण बाजार फिरलो, पार एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलो.

डोळा आता उत्तम आहे. लांबच्या खांबावरची चिमणीसुद्धा दिसते. चष्मा केव्हाच सुटला, पण केळीवाली दर आठवड्याला विचारते, “बाबा, डोळा बरा व्हयना का?” आणि मी सांगतो, अजून जरा धूसर दिसतं. जयसिंग नुसता हात पुढे करतो.